‘शिल्पकलेला ताकद लागते’ असं सर म्हणतात

ताई,
आमचा पेणजवळ गणपतीचा कारखाना आहे. बाबा, काका, दादा सगळे त्यातच. मी शिल्पकलेच्या डिप्लोमाला होते. शेवटच्या वर्षाला असताना दुचाकीवरून पडले आणि मानेच्या मणक्याला मार बसला. आता व्हीलचेअरवर आहे. खांदे आणि मनगटं चालतात, पण बोटांत पकड नाही. स्पर्शही अर्धवटच कळतो. कॉलेजचा स्टुडिओ दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सरांना फोन केला तर म्हणाले, शिल्पकलेला ताकद लागते, तू आता कॉम्प्युटरवर काहीतरी शीक. दादा चांगला आहे. माती मळून देतो, म्हणतो, तू सांगशील तसं मी करतो. पण सगळं दादाच करणार असेल तर ते काम माझं कसं? मला स्वतःला मातीत हात घालायचाय. हे शक्य आहे की मी उगाच हट्ट करतेय?
— एक वाचक, रायगड

---

हट्ट म्हण किंवा काहीही म्हण, पण सोडू नकोस.

सरांचं वाक्य आधी बाजूला करू या, कारण ते तुझ्या मनात रुतून बसलंय. शिल्पकलेला ताकद लागते हे खरंच आहे. एक घनफूट ओली माती साधारण 50 किलो भरते. पण ती सगळी ताकद एकाच माणसाच्या अंगात असलेला एकही स्टुडिओ माझ्या पाहण्यात नाही. तुझ्या घरचंच बघ. पोती उतरवणारे वेगळे, माती मळणारे वेगळे, साचा भरणारे वेगळे आणि डोळ्यांच्या आखणीला बसणारा वेगळा. सासवण्याचं करमरकरांचं शिल्पसंग्रहालय तुमच्यापासून फार लांब नाही. विनायक करमरकरांनी 1928 साली पुण्यासाठी अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा केला. तो ओतताना भट्टीपाशी किती हात राबले असतील! तरी पुतळा करमरकरांचाच. त्यामुळे जड उचलता येत नाही एवढ्यावरून तू शिल्पकलेतून बाद होत नाहीस. सरांनी खरं तर विचारायला हवं होतं की तुझ्या हातांना आज काय काय जमतं. ते आपण विचारू.

पहिली गोष्ट टेबल. कारखान्यात सगळे पाटावर, जमिनीवर बसून काम करतात. तुला ते जमणार नाही आणि जमवायचा प्रयत्नही करायचा नाही. खुर्ची गुडघ्यांसकट आत जाईल असं टेबल हवं. त्यासाठी जमिनीपासून टेबलाच्या खालच्या कडेपर्यंत साधारण 70 सेंटिमीटर मोकळी जागा लागते, पण हा आकडा डोळे झाकून घेऊ नकोस. तू खुर्चीत बसलेली असताना दादाला टेपने गुडघ्यांची उंची मोजायला सांग आणि त्यावर चार बोटं सोड. टेबलाच्या पुढच्या कडेला पोटाच्या मापाचा अर्धगोल कापून घे. त्यामुळे दोन्ही कोपरं बाजूंना टेकतात, तोल जात नाही आणि काम जवळ येतं. मानेच्या मणक्याला मार लागल्यावर पोटापाठीचे स्नायू धरून ठेवत नाहीत, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. कोपर टेकलं नाही तर सगळा जीव तोल सांभाळण्यातच जातो आणि हाताला काम करायला काही उरत नाही.

टेबलावर फिरता पाट हवाच. उभा शिल्पकार कामाभोवती फिरतो, तुझ्यासाठी काम फिरेल. चांगल्या बेअरिंगचा पाट तळहाताच्या टाचेने ढकलला तरी फिरतो. गावातला फॅब्रिकेशनवाला जुन्या गाडीच्या हबवर तो बनवून देईल. त्याला एक खिट्टी मात्र लावून घे, म्हणजे तू दाब देशील तेव्हा पाट जागचा हलणार नाही. उंची कमीजास्त करायला खाली स्क्रूचा दांडा बसव. खांद्याच्या वर हात धरून काम करणं टाळायचं. दोन फुटांची आकृती करायची असेल तर पायांवर काम करताना पाट वर घ्यायचा, डोक्यावर काम करताना खाली. डोकं वेगळंच करता आलं तर उत्तम: सांगाड्यात पाइपात पाइप बसव, म्हणजे डोकं मानेसकट उचलून वेगळ्या स्टँडवर घेता येतं आणि काम झालं की परत बसवता येतं. हे तंत्र धडधाकट शिल्पकारही वापरतात.

मागे सरकून काम लांबून बघणं ही शिल्पकाराची सवय. खुर्ची दर वेळी मागे घ्यायची, परत पुढे आणायची, ब्रेक लावायचे, यात दिवस जातो. त्याऐवजी कामाच्या पलीकडे भिंतीला मोठा आरसा टेकवून ठेव. पाठीमागची बाजू दिसतेच, शिवाय पाट फिरवून चेहरा आरशाकडे केलास की उलट्या प्रतिमेत चेहऱ्याचा डावा-उजवा फरक लगेच डोळ्यात भरतो. नाकाचा कल चुकलाय हे समोरून तासभर कळत नाही, आरशात क्षणात कळतं.

आता बोटं. मनगट वर उचललं की तुझी बोटं आपोआप थोडी मिटतात का, ते बघ. मनगट चालतं आणि पकड गेलीये अशा बऱ्याच जणांच्या बाबतीत हे होतं आणि थेरपिस्ट मुद्दाम त्याचा उपयोग करायला शिकवतात. तेवढ्या पकडीत मातीची गोळी उचलून लावता येते. मात्र बोटं उगाच ताणून सरळ करत बसायचं नाही, नाहीतर ही पकड सैल पडते. हत्यार धरायला तळहाताभोवतीचा पट्टा असतो, त्याला आत एक खिसा असतो, त्यात वायर टूलचा, म्हणजे माती काढायच्या तारेच्या हत्याराचा, दांडा घुसवायचा. मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. तिथल्या ऑक्युपेशनल थेरपी विभागात जा आणि जाताना तुझी हत्यारं पिशवीत घालून ने. ‘मला हात सुधारायचाय’ एवढंच म्हणालीस तर ते व्यायाम देतील. ‘मला ही कोरणी या कोनात धरून माती काढायचीये’ असं दाखवलंस, तर त्या कोनाचा स्प्लिंट, म्हणजे हाताला धरून ठेवणारा आधार, करून देण्याचा विचार करतील. घरी तोवर एसीच्या पाइपावर चढवतात तो काळा फोम दांड्यांवर चढव, दांडा जाड होतो. आणि हात लवकर थकत असेल तर टेबलावर आडव्या पाइपाला पुली लावून पुढच्या हाताला झोळी दे. हाताचं वजन दोरी घेते, तुला फक्त दिशा द्यायची राहते.

हत्यार हाताला बांधून काम केलेला एक थोर माणूस तुला माहीत असायला हवा. ब्राझीलमधला आंतोनियो फ्रान्सिस्को लिस्बोआ, ज्याला लोक आलेजादिन्यो म्हणत. चाळिशीच्या आसपास त्याला असा आजार जडला की हातापायाची बोटं झडत गेली. आजार नेमका कोणता, यावर आजही मतभेद आहेत. त्याच्या चरित्रात लिहिलंय की छिन्नी आणि हातोडा मनगटांना बांधून तो काम करायचा. कोंगोन्यास गावातल्या देवळाच्या पायऱ्यांवर त्याने 1800 ते 1805 या काळात बायबलच्या जुन्या करारातले 12 संदेष्टे उभे केले, माणसाच्या उंचीचे. हा परिसर आज जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्यातली मला फार महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे दगड. ते संदेष्टे सोपस्टोनचे आहेत, म्हणजे आपल्याकडे शंखजिरे म्हणतात त्या जातीचा मऊ दगड. तिथल्या डोंगरात तोच मिळायचा. ग्रॅनाइट असता तर मनगटाला बांधलेल्या छिन्नीने हे झालं नसतं. हत्यारं बांधून देणारा मॉरिसियो हा त्याचा गुलाम होता, स्वतः कोरीवकाम करणारा. त्याचं नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट सांगू नये असं मला वाटतं.

म्हणून तुझ्यासाठी माध्यम निवडणं हा अर्धा प्रश्न आहे. शाडू तुझ्या अंगवळणी पडलेला आहे, पण तो लवकर सुकतो, चिरतो आणि घट्ट झाला की दाबायला जोर लागतो. तुझ्या वेगाला तो थांबणार नाही. मॉडेलिंगची चिकणमाती नेहमीपेक्षा सैल मळून घे, आतला सांगाडा मात्र नेहमीपेक्षा दाट बांध, म्हणजे सैल माती बसून जाणार नाही. सांगाड्याला जागोजागी लाकडी पट्ट्यांच्या फुल्या लटकव, माती त्यांना धरून राहते. काम थांबलं की ओलं फडकं आणि वर प्लॅस्टिक. कागदाचा लगदा हलका असतो, तो तर तुमच्याकडे गणपतीसाठी वापरतातही. आणि उठावशिल्पाचा गंभीरपणे विचार कर. फळी तिरकी टेकवली की सगळं काम तुझ्या समोर, हाताच्या टप्प्यात असतं. मोठं भित्तिशिल्प फूट-दीड फुटाच्या तुकड्यांत करून नंतर जोडता येतं. बऱ्याच कॉलेजांत उठावशिल्पाला दुय्यम मानतात, ते मला पटत नाही. वेरूळच्या लेण्यांत रावण कैलास हलवतोय तो भिंतीतूनच बाहेर आलाय.

इथे एक धोका आहे आणि त्याबद्दल मी कडक बोलणार आहे. प्लॅस्टरचं काम तू हाताने करायचं नाही. प्लॅस्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना तापतं आणि जाड थरात 60 अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकतं. 2007 साली इंग्लंडमध्ये एका सोळा वर्षांच्या शाळकरी मुलीने स्वतःच्या हातांचा साचा काढायला प्लॅस्टरच्या बादलीत हात घातले. ते घट्ट झाल्यावर निघेनात. भाजून तिला जवळजवळ सगळी बोटं गमवावी लागली. तिला तरी स्पर्श पूर्ण होता. तुझ्या बोटांना उष्णता नीट कळत नाही, म्हणजे तुला कळेपर्यंत उशीर झालेला असेल. साचा काढणं, ओतणं दादाकडे. मेणात काम करायचं असेल तर गरम पाण्यात मेण मऊ करतात तेव्हाही तेच: पाण्यात थर्मामीटर ठेव, बोटाने अंदाज घेऊ नकोस. काम संपलं की रोज डोळ्यांनी हात तपास, कुठे कापलंय, कुठे फोड आलाय. आणि पत्र्याखालच्या शेडमध्ये मे महिन्यात बसू नकोस. मानेच्या दुखापतीनंतर घाम नीट येत नाही आणि अंग आतल्या आत तापतं. गणपतीचा हंगाम नेमका उन्हाळ्यातच जोर धरतो, हे मी जाणते. तुझं टेबल घराच्या सावलीच्या बाजूला, पंख्याखाली लागू दे. जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. सुकलेल्या मातीची धूळ सगळ्यांच्याच फुप्फुसांना वाईट, तुझ्या तर खोकल्यातही आता पहिल्याइतका जोर नाही.

सरांना आणखी एक नाव सांग: मायकल नारान्हो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या सांता क्लारा प्वेब्लो या आदिवासी वस्तीतला. 1968 साली व्हिएतनाममध्ये ग्रेनेडने त्याची दृष्टी गेली आणि उजवा हात जवळजवळ निकामी झाला. जपानमधल्या हॉस्पिटलात पडल्या पडल्या त्याने माती मागितली. पुढे तो डाव्या हाताने, बोटांनी आणि नखांनी मेण-मातीत काम करत गेला, त्यांची ब्राँझ झाली आणि तो नावारूपाला आला. फ्लॉरेन्समध्ये मायकेलअँजेलोच्या डेव्हिडपाशी त्याच्यासाठी परांची बांधली आणि त्या पुतळ्याचा चेहरा त्याने हातांनी पाहिला. (दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 2015 पासून ‘अनुभव’ नावाचं दालन आहे, तिथे शिल्पांच्या प्रतिकृतींना हात लावता येतो. आपल्या प्रत्येक कला महाविद्यालयात असं एक दालन हवं. शिल्प शिकणाऱ्याला ‘हात लावू नका’ सांगणं कसं चालेल?)

आणि कॉम्प्युटर. सर म्हणतात ते चुकीच्या जागी चिकटवलेलं खरं आहे. कॉम्प्युटरवर जा आणि मातीतून ऊठ, हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. पण मुठीएवढं मॉडेल तू हाताने केलंस, त्याचं स्कॅनिंग करून मशिनवर थर्माकोलमध्ये मोठं कापून घेतलंस आणि त्यावर मातीचा शेवटचा हात पुन्हा तुझा, तर त्यात काय वाईट आहे? मोठे पुतळे करणारे कितीतरी स्टुडिओ आज हेच करतात. त्याआधी हेच काम मोजमापाच्या सळ्यांनी आणि ओळंब्याने सहायक करायचे.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. काम कुणाचं?

फ्रान्सच्या रन्वारचं नाव तू चित्रकार म्हणून ऐकलंयस. म्हातारपणी संधिवाताने त्याची बोटं वाकडी झाली होती. 1913 पासून काही वर्षं त्याने शिल्पं केली, पण मातीला हात रिशार गीनो या तरुण शिल्पकाराचे. रन्वार बसून सांगायचा, कुठे वाढव, कुठे काढ. ही शिल्पं रन्वारच्या नावाने गाजली. पुढे खटला झाला आणि 1973 साली फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने गीनो हा सहकर्ता आहे हे कायम केलं. मला तो निकाल योग्य वाटतो. गीनो नुसता माती चढवत नव्हता. आकाराचे असंख्य निर्णय, कुठली कड तीक्ष्ण, कुठला पृष्ठभाग भरलेला, ते त्याच्या बोटांत होत होते आणि तो स्वतः शिकलेला शिल्पकार होता.

तुझ्या आणि दादाच्या बाबतीत रेघ इथेच ओढायची. माती मळणं, सांगाडा बांधणं, उचलणं, साचा काढणं, ओतणं, घासणं हे सहायकाचं काम. ते केल्याने शिल्प दादाचं होत नाही. पण तू ‘खांदा जरा उतरता कर’ म्हणालीस आणि किती, कसा हे दादाने ठरवलं, तर तो खांदा त्याचाही आहे. मग दोन वाटा आहेत. एक, दोघांची नावं लावायची. कारखान्याच्या घरातल्या बहीणभावाने एकत्र काम करण्यात कमीपणा कसला? दुसरी, वरच्या थराला दादाने हात लावायचाच नाही. त्याने जाडसर माती चढवून निघून जायचं आणि पुढचं सगळं तुझ्या मनगटाने. माझा कल दुसऱ्या वाटेकडे आहे, कारण तू लिहिलंयस की तुला स्वतःला मातीत हात घालायचाय. त्याने हळू होईल. पृष्ठभाग दादाच्या हातासारखा गुळगुळीत होणार नाही, तळहाताच्या टाचेचे, मनगटाच्या ओढीचे रुंद ठसे राहतील. ते घासून काढू नकोस. कारखान्याचं फिनिशिंग हे कारखान्याचं माप आहे, तुझ्या कामाला ते लावायची गरज नाही.

दादाशी हे आधीच, काम सुरू करण्यापूर्वी बोल. प्रेमाने मदत करणाऱ्या माणसाला मध्येच थांबवणं फार अवघड जातं. एखादा शब्द ठरवून ठेवा: तू ‘हात वर’ म्हणालीस की त्याने कोरणी खाली ठेवायची, वाक्य पूर्ण व्हायची वाट बघायची नाही. आणि त्याच्या वेळेचे पैसे मांड. हंगामात तो बाबांकडे मजुरी घेत असेल तर तुझ्याकडचे तासही वहीत लिहिले जाऊ देत. शिल्प विकलं गेलं की त्यातून दे. असं केलंस की तुलाही हुकूम द्यायला संकोच वाटणार नाही.

राहिलं कॉलेज. फोनवर बोलणं बंद कर आणि लेखी अर्ज दे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चं कलम 16 सांगतं की सरकारमान्य शिक्षणसंस्थेने इमारत वापरण्याजोगी करायची आणि विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यायची. कलम 29 मध्ये तर कला विषयांचे अभ्यासक्रम दिव्यांगांना भाग घेता येईल असे नव्याने आखण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. अर्जात गाऱ्हाणं लिहू नकोस, मागण्या लिही: शेवटच्या वर्षासाठी तळमजल्यावर जागा, दाराला उतार, वापरता येईल असं स्वच्छतागृह, प्रात्यक्षिकाला वाढीव वेळ, आणि माती चढवण्यापुरता सहायक. सहायक काय करेल आणि काय करणार नाही हे तूच लिहून दे, वर रेघ ओढली आहे तशीच. परीक्षकांना शंका घ्यायला जागा राहत नाही. सोबत यूडीआयडी कार्डाची, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची, प्रत जोड. कार्ड काढलं नसेल तर आधी ते. अर्जाची पोच घे. पंधरवड्यात उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र, तेही वाया गेलं तर पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. 1944 साली ऐकू न येणारा एक मुलगा मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायला आला होता, तो म्हणजे सतीश गुजराल. चित्रं, शिल्पं, भित्तिशिल्पं आणि दिल्लीच्या बेल्जियन दूतावासाची इमारत, एवढं सगळं त्याने पुढे केलं. तेव्हा असा कायदा नव्हता. आज तो आहे, त्यामुळे तुला कुणाच्या चांगुलपणावर विसंबायचं कारण नाही.

सुरुवात टेबलापासून कर, अर्ज त्याच आठवड्यात टाक. पहिलं काम मोठं घेऊ नकोस, फूटभराची उठाव फळी घे, दादाचाच चेहरा, बाजूने. तो समोर बसलेला असला की त्याचे हातही आपोआप रिकामे राहतील. फळी झाली की फोटो पाठव, बाजूने उजेड टाकून काढलेला, म्हणजे मला उठाव नीट दिसेल.

तुझी,
ताई